इमोलेट की सॅक्रिफाइस? चिमूटभर पिठापासून आत्मदहनापर्यंत

इंग्रजी-मराठी शब्दकोशात 'इमोलेट' शोधला की 'बळी देणे' असा अर्थ मिळतो. 'सॅक्रिफाइस' शोधला तरी तेच. 'ऑफर', 'ऑब्लेशन', 'व्हिक्टिम' यांच्याही पानांवर बळी, अर्पण, आहुती, त्याग हेच शब्द आलटूनपालटून भेटतात. आणि भाषांतर करणाऱ्यासमोर वाक्यं असतात ती अशी: जत्रेत बकऱ्याचा बळी दिला. मुलांसाठी आईने नोकरीचा त्याग केला. मोबदला न मिळाल्यास जिल्हाधिकारी कार्यालयासमोर आत्मदहन करण्याचा इशारा. या तिन्ही ठिकाणी एकच इंग्रजी शब्द चिकटवला तर निदान एक वाक्य तरी हास्यास्पद होतं, आणि एखादं चक्क चुकीची बातमी देतं.

निकाल आधीच सांगून टाकतो. शंका असेल तेव्हा 'सॅक्रिफाइस' लिहा, दहातल्या नऊ वेळा तोच बरोबर असतो. 'इमोलेट'ला मोजून तीन जागा आहेत. त्या तीनच का, हे कळायला मात्र प्राचीन रोममधल्या पिठाच्या भांड्यात हात घालावा लागतो.

शब्दात आग नाही, पीठ आहे

'इमोलेट' आला लॅटिन 'इम्मोलारे' या क्रियापदावरून. 'इन' म्हणजे वर आणि 'मोला' म्हणजे दळलेली भरड. 'इन'पुढे 'म' आला की उच्चाराच्या सोयीने त्याचा 'इम' होतो. म्हणजे इम्मोलारेचा शब्दशः अर्थ 'वर पीठ घालणे', एवढाच. इथे बरेच जण फसतात: 'इम्मॉर्टल', 'इम्मोबाइल' यांतला 'इम' नकाराचा आहे, हा तो नव्हे. हा 'इमिग्रंट'मधल्या 'इम'चा सख्खा भाऊ. शेवटचं 'एट' आलं 'इम्मोलातुस' या भूतकाळवाचक धातुसाधितावरून. इंग्रजीने अशी शेकडो क्रियापदं लॅटिनच्या धातुसाधितांवरूनच उचलली आहेत.

'मोला'च्या मागे 'मोलेरे', दळणे, हे क्रियापद आहे. दाढेला इंग्रजीत 'मोलर' म्हणतात ते ती दळते म्हणून, आणि गिरणीची 'मिल'सुद्धा याच घरातली. शब्द लक्षात ठेवायचा असेल तर ज्वाळा डोळ्यांसमोर आणू नका, जातं आणा.

हे पीठ साधं नव्हतं. त्याला 'मोला साल्सा' म्हणत, म्हणजे खारवलेली भरड. ते करण्याचा अधिकार फक्त वेस्टा या चुलीच्या देवीच्या कुमारिका पुजारणींना. त्या एकूण सहा, त्यांतल्या तीन ज्येष्ठ पुजारणी ७ ते १४ मे या काळात एक दिवसाआड 'फार' नावाच्या गव्हाच्या लोंब्या टोपल्यांत भरून आणत. मग त्या स्वतःच लोंब्या भाजत, कांडत, दळत आणि पीठ साठवून ठेवत. त्यात मीठ मिसळून प्रत्यक्ष मोला साल्सा तयार व्हायचं वर्षातून तीनदा: १५ फेब्रुवारीच्या लुपर्कालिया सणाला, ९ जूनच्या वेस्टालिया सणाला आणि १३ सप्टेंबरला. मीठही तसंच वापरत नसत. ते उखळात कुटून, मातीच्या भांड्यात घालून, तोंड बंद करून भट्टीत भाजायचं. त्याचा घट्ट गोळा झाला की लोखंडी करवतीने कापायचा आणि बरणीत पाणी घालून ठेवायचा.

'फार' म्हणजे कुठला गहू? वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात ट्रिटिकम डायकोकम, म्हणजे आपला खपली गहू. सांगली, सातारा, कोल्हापूरकडे खपलीची खीर करणाऱ्यांना लोंब्या आधी का भाजल्या जात हे सांगावं लागणार नाही. खपलीचं टरफल दाण्याला घट्ट धरून बसतं. साध्या मळणीत दाणा मोकळा होत नाही, कांडावंच लागतं. भाजल्याने टरफल कडक, ठिसूळ होतं आणि कांडताना सुटतं. त्या पुजारणींच्या कामाचा क्रम धार्मिक वाटतो, पण तो धान्याने ठरवून दिलेला क्रम आहे.

पीठ पडतं तेव्हा जनावर जिवंत असतं

रोमन बळीविधीचा क्रम नीट पाहिला तर शब्दाची निवड निम्मी होऊन जाते.

यजमान, बहुधा एखादा मोठा अधिकारी, अंगावरच्या टोग्याचा पदर डोक्यावर घेऊन उभा राहतो. आधी विस्तवावर धूप आणि मद्य. मग जनावराच्या कपाळावर मद्य, पाठीवर मोला साल्सा भुरभुरायचं, आणि सुरी कपाळापासून शेपटीपर्यंत पाठीवरून नुसती फिरवायची, कापायचं नाही. हा भाग म्हणजे 'इम्मोलातिओ'. जनावर आता माणसाचं राहिलं नाही, देवाचं झालं. त्यानंतर सेवक विचारतो, 'आगोने?' म्हणजे 'करू का?' होकार मिळाला की हातोडा किंवा कुऱ्हाड आणि मग सुरी. हे काम सेवकांचं, यजमान त्याला हात लावत नाही.

थोडक्यात, मूळ अर्थाने 'इमोलेट' करणारा माणूस मारत नाही आणि जाळतही नाही. तो मालकी हस्तांतरित करतो.

पुढे पोट उघडून काळीज, पित्ताशय, फुप्फुसं, हृदय तपासायची. काही विपरीत दिसलं तर देवाने नाकारलं असं समजून दुसरं जनावर आणायचं, मनासारखा कौल मिळेपर्यंत. लॅटिनमध्ये या दोन गोष्टींना दोन वेगळी क्रियापदं होती: 'इम्मोलारे' म्हणजे अर्पण करणं आणि 'लितारे' म्हणजे ते स्वीकारलं जाणं. आपल्याकडे नवस फेडणं वेगळं आणि देव पावणं वेगळं, तसंच. इंग्रजीने पहिला शब्द घेतला, दुसरा सोडून दिला. त्यामुळे 'सॅक्रिफाइस केला पण पावला नाही' हे इंग्रजीत एका शब्दात सांगता येत नाही.

जनावर दावं तोडून पळालं, बुजलं, तर तोही अपशकुन. म्हणून दोर सैल धरत, ओढून नेल्याचं दिसू नये यासाठी. आपल्याकडे बकऱ्यावर पाणी शिंपडून ते अंग झाडण्याची वाट बघतात, त्यामागची धडपड याच जातीची आहे: संमती असल्यासारखं दिसलं पाहिजे.

आग येते अगदी शेवटी आणि तीही थोडी. आतले अवयव शिजवून किंवा भाजून, पुन्हा तेच पीठ लावून वेदीवर जाळायचे. बाकीचं मांस माणसं खात, किंवा ते बाजारात विकलं जाई.

आता मराठीकडे वळू, कारण इथेच सगळ्यात जवळचा जोड सापडतो, आणि तो 'बळी' नाही. 'घरावर तुळशीपत्र ठेवलं' असं आपण म्हणतो. दान द्यायच्या वस्तूवर तुळशीचं पान ठेवलं की ती आपली राहिली नाही. पुढे पान मागे पडलं आणि 'तुळशीपत्र ठेवणे' म्हणजे सर्वस्व सोडणे असा अर्थ उरला. 'हक्कावर पाणी सोडणे' हेही तसंच. दानाचा संकल्प करताना हातावरून सोडलेलं उदक ते. चिमूटभर पीठ, एक पान, पळीभर पाणी: वस्तू हातातून निघाली याची खूण करणारी छोटी कृती, आणि तिचंच नाव साऱ्या सोडण्याला मिळालेलं. 'इम्मोलारे'च्या घडणीचा मराठी वाक्प्रचार विचारला तर आम्ही 'तुळशीपत्र ठेवणे' हाच सांगू. पण भाषांतरात तो वापरू नका. घडण जुळली तरी आजचे अर्थ फार लांब गेले आहेत. तुळशीपत्र ठेवणारा माणूस जिवंत राहतो.

पिठावरून आणखी एक. ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथात अशी कथा आहे की बळी देण्यायोग्य सत्त्व माणसातून घोड्यात, घोड्यातून बैलात, मग मेंढ्यात, बकऱ्यात आणि शेवटी जमिनीत शिरून भात झालं. म्हणून भाताचा पुरोडाश, म्हणजे यज्ञात अर्पायची पिठाची पोळी, पशूच्या बरोबरीचा. मध्वाचार्यांच्या माध्व परंपरेने तर पिठाचाच पशू, पिष्टपशू, करायला सांगितलं. वास्तुशांतीला कोहळा कापला जातो तोही याच वाटेवरचा. रोममध्ये पीठ जनावरावर पडलं, आपल्याकडे पीठ जनावराच्या जागी आलं.

मग आग शिरली कुठून?

अर्थ सरकायला लॅटिनमध्येच सुरुवात झाली होती. रोमन कवी व्हर्जिलच्या महाकाव्याच्या शेवटी, म्हणजे इ. स. पू. १९च्या सुमाराला, नायक ईनिअस पराभूत शत्रू टर्नसच्या छातीत तलवार खुपसताना म्हणतो की हा घाव घालून पॅलस (टर्नसने मारलेला ईनिअसचा तरुण साथीदार) तुला 'इम्मोलात', तुझा बळी देतो आहे. रणांगणावर ना पीठ, ना वेदी. उरला तो बळी देण्याचा भाव.

ख्रिस्ती लॅटिनमध्ये तो आणखी सूक्ष्म झाला. बायबलच्या लॅटिन भाषांतरात ख्रिस्त हा आपला वल्हांडणाचा (ज्यूंच्या सणाला बळी द्यायचा) कोकरा, तो 'इम्मोलातुस' झाला, असं वाक्य आहे. क्रूसावरच्या मृत्यूत आग नाही. ईस्टरच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, म्हटल्या जाणाऱ्या मध्ययुगीन लॅटिन स्तोत्राची पहिली ओळ तर सांगते की ख्रिस्ती जनांनी त्या बळीला स्तुती 'इम्मोलेन्त', अर्पावी. म्हणजे इथे इमोलेट होते आहे ती स्तुती. फ्रेंच 'इमोले' आणि पोर्तुगीज 'इमोलार' अजून बरेचसे या अर्थाजवळच आहेत. आग आपोआप येत नाही.

इंग्रजीत शब्द सोळाव्या शतकात रुळला तो 'बळी देणे' याच अर्थाने. पुढे होमबळींची वर्णनं आणि एकोणिसाव्या शतकातलं सतीबद्दलचं लेखन यांमधून, विशेषतः 'सेल्फ-इमोलेशन' या जोडशब्दातून, ज्वाळा त्याला चिकटल्या. ११ जून १९६३ रोजी सायगावमध्ये थिक क्वांग डुक या बौद्ध भिक्खूने सरकारच्या धोरणांच्या निषेधार्थ भर चौकात स्वतःला पेटवून घेतलं. माल्कम ब्राउन यांनी टिपलेलं ते छायाचित्र जगभर छापलं गेलं, आणि त्यानंतर सामान्य इंग्रजी वाचकाच्या मनात 'इमोलेशन' आणि आग वेगळी काढणं जवळजवळ अशक्य झालं. आजचे इंग्रजी कोश दोन्ही अर्थ देतात: बळी देणे, आणि मारणे किंवा नष्ट करणे, बहुधा आगीने.

म्हणून 'इमोलेट'च्या तीन जागा अशा.

पहिली, निषेध म्हणून किंवा एखाद्या हेतूसाठी स्वतःला पेटवून घेण्याची बातमी: 'सेल्फ-इमोलेशन'. मराठी 'आत्मदहन'ला हाच प्रतिशब्द. गंमत बघा, 'आत्मदहन'मध्ये फक्त जळणं आहे, अर्पण नाही. 'इमोलेशन'मध्ये फक्त अर्पण होतं, जळणं नव्हतं. दोघे दोन टोकांकडून निघून एकाच जागी आले. ही जोडी वापरताना एक पथ्य पाळा. हुंड्यापायी जाळलेल्या बाईच्या बातमीत किंवा स्टोव्हच्या भडक्यात 'सेल्फ-इमोलेशन' लिहू नका, मराठीत 'आत्मदहन'ही नको. हेतू ठाऊक नसेल तर 'भाजून मृत्यू' एवढंच. नाहीतर शब्द निवडतानाच गुन्ह्याचा निकाल देऊन बसाल. आणि 'इशारा दिला' असेल तर इंग्रजीत 'थ्रेटन्ड' हवंच. ते गळालं की प्रत्यक्ष घडलं असा अर्थ निघतो.

दुसरी जागा, ख्रिस्ती धर्मशास्त्रीय लेखन, जिथे ख्रिस्ताच्या आत्मार्पणाला 'इमोलेशन' म्हटलं जातं. वसईच्या चर्चमधला मराठी बोलणारा भाविक 'मिस्साबलिदान' म्हणतो. तिथे 'दहन' हा शब्द चुकूनही आणू नये.

तिसरी, प्राचीन रोमविषयीचं लेखन, जिथे हा विधीचा नेमका टप्पा सांगायचा असतो.

या तिन्हींबाहेर हा शब्द भपका वाटतो. 'इमोलेटेड अ गोट' लिहिलंत, तर शब्दकोश तुमच्या बाजूने उभा राहील, पण वाचक बकरं जिवंत जाळलं असं समजेल. जत्रेतल्या बकऱ्याला 'सॅक्रिफाइस्ड अ गोट टु द गॉडेस' हेच.

उच्चार 'इम-अ-लेट', जोर पहिल्या 'इम'वर. स्पेलिंगमध्ये एम दोन आणि एल एक. याच्या अगदी उलट नेम धरून चुकणारे पुष्कळ. 'एम्युलेट'शी गोंधळ तर परीक्षेच्या पेपरांत नेहमीचा. तो शब्द म्हणजे एखाद्याचा कित्ता गिरवणं. 'आय वॉन्ट टु इमोलेट माय टीचर' हे वाक्य किती भयंकर आहे हे लिहिणाऱ्याला कळत नाही.

सॅक्रिफाइस: पवित्र करणं आणि त्याची किंमत

'सॅक्रिफाइस' आला 'साकेर' आणि 'फाकेरे' यांतून: पवित्र आणि करणे. फ्रेंचमार्गे मध्ययुगातच तो इंग्रजीत पोचला, त्यामुळे तो 'इमोलेट'पेक्षा जुना, घरगुती आणि मोकळा आहे. 'सेक्रेड', 'सॅक्रामेंट', 'कॉन्सिक्रेट' ही त्याची भावंडं. कमरेखालच्या त्रिकास्थीला 'सेक्रम' म्हणतात तेही याच शब्दावरून, ग्रीक वैद्यांच्या 'पवित्र हाड' या नावाचा तो लॅटिन अनुवाद.

'साकेर' मात्र आपल्या 'पवित्र'इतका सोज्वळ नाही. देवाच्या नावे बाजूला काढलेलं ते साकेर, मग ते पूज्य असो वा शापित. रोमन कायद्यात एखाद्या गुन्हेगाराला 'होमो साकेर' ठरवलं की त्याला कुणीही मारलं तरी खून होत नसे, पण विधिपूर्वक त्याचा बळी देता येत नसे. 'पवित्र करणे' हा अर्थ सांगताना ही काळी बाजू विसरली तर शब्द अर्धाच कळतो.

आज 'सॅक्रिफाइस' तीन कामं करतो: देवाला बळी, मोठ्या गोष्टीसाठी सोडलेली प्रिय गोष्ट, आणि हिशेबाने पत्करलेलं नुकसान. तिसऱ्यात बुद्धिबळ येतं. पुढची चाल साधायला वजीर देणं म्हणजे 'क्वीन सॅक्रिफाइस'. मराठीत 'वजिराचा बळी' दिला जातो, त्याग केला जात नाही. रचनेत 'टु' आणि 'फॉर' यांचा घोळ टाळा. 'टु'नंतर घेणारा येतो, देव किंवा देवी. 'फॉर'नंतर कारण किंवा ज्याच्यासाठी दिलं तो. 'सॅक्रिफाइस्ड हर जॉब टु हर चिल्ड्रन' लिहिलं की मुलं वेदीवर बसलेल्या देवांसारखी दिसतात.

उलट दिशेने: त्याग, बळी की बलिदान

इंग्रजीतून मराठीत येताना खरी कसोटी लागते. तिथे 'सॅक्रिफाइस' एकटा आणि आपल्याकडे घरभर शब्द.

'त्याग'पासून सुरुवात करू. तोही मुळात यज्ञाचा पारिभाषिक शब्द. कात्यायन श्रौतसूत्र या यज्ञविधीच्या ग्रंथात यागाची, म्हणजे यज्ञाची, व्याख्या तीन शब्दांत आहे: द्रव्य, देवता, त्याग. आहुती ऋत्विज, म्हणजे यज्ञातला पुरोहित, टाकतो, यजमान म्हणतो 'अग्नये इदं न मम'. हे अग्नीचं, माझं नव्हे. हे म्हणणं म्हणजेच त्याग. पीठ भुरभुरणारा रोमन अधिकारी आणि 'न मम' म्हणणारा यजमान दोघंही एकच काम करताहेत, प्रत्यक्ष हात दुसऱ्याचा.

यातून एक कसोटी मिळते आणि ती आजच्या वाक्यांनाही लागू पडते: 'न मम' म्हणायला आधी ते 'मम' असावं लागतं. बापाने स्वतःचं शिक्षण सोडून धाकट्या भावाला शिकवलं, हा त्याग. बापाने मुलाच्या शिक्षणासाठी मुलीची शाळा सोडवली, हा त्याग नव्हे. तिथे इंग्रजी 'सॅक्रिफाइस्ड हिज डॉटर्स एज्युकेशन'चं मराठी 'मुलीच्या शिक्षणाचा बळी दिला' असंच व्हायला हवं. इंग्रजी शब्द दोन्हीकडे सारखाच वापरतो, मराठी मात्र देणाऱ्याच्या खिशातून गेलं की दुसऱ्याच्या, याची नोंद ठेवते. भाषांतरात सगळ्यात जास्त घसरणं इथे होतं, कारण 'त्याग' लिहिलं की अन्याय उदात्त होऊन बसतो.

'बळी' हा शब्द संस्कृत 'बलि'वरून. मुळात तो रक्ताचा नव्हताच. राजाला द्यायचा कर तो बलि, आणि वैश्वदेव या रोजच्या गृहविधीनंतर भुतांसाठी, पक्ष्यांसाठी ठेवलेले भाताचे घास तेही बलिच. (बळीराजा निराळा, तो पुराणातला राजा. 'बळीराजाचा बळी' हा मथळा एकदा चमकदार वाटला असेल, आता त्याचा वीट आलाय.) अर्थाची दिशा ठरवतं ते पुढचं क्रियापद. बळी देणे म्हणजे दुसऱ्याला मारणे. बळी जाणे म्हणजे असहाय मरणे. बळी घेणे हे आजाराचं, खड्ड्याचं, पुराचं काम. बळी पडणे म्हणजे मोहाला, भूलथापांना फसणे, यात कुणी मरतही नाही. आणि गोलंदाज पाच बळी घेतो ते निराळंच, सगळे धडधाकट तंबूत परततात.

या पाचांत 'सॅक्रिफाइस' बसतो फक्त 'बळी देणे'ला. जाणे, घेणे, पडणे यांना 'व्हिक्टिम'चं घर. अपघाताच्या बातमीतल्या 'तीन बळी'चं 'थ्री सॅक्रिफाइसेस' केलं तर पोलिसांना नरबळीची चौकशी करावी लागेल.

'व्हिक्टिम'चाही प्रवास 'बळी'सारखाच झाला. लॅटिन 'विक्टिमा' म्हणजे वेदीवर नेलेलं जनावर, बहुधा मोठं. मेंढरासारखं लहान असेल तर 'होस्तिया'. व्हिक्टिम वेदीवरून उतरून अपघातात आणि फसवणुकीत शिरला. होस्तिया चर्चमध्येच राहिला, मिस्सेत दिली जाणारी भाकर म्हणजे 'होस्ट'. पाहुण्यांचं स्वागत करणारा होस्ट याचा कुणी लागत नाही, तो वेगळ्या मुळाचा.

'बलिदान'मध्ये बलि आहे आणि दानही, पण आज तो फक्त स्वेच्छेने आणि थोर हेतूने दिलेल्या प्राणांसाठी. बकऱ्याला बलिदान म्हणणं हिंदीत चालतं, मराठीत खटकतं. सैनिकासाठी 'सुप्रीम सॅक्रिफाइस' आलं तर 'सर्वोच्च बलिदान' किंवा सरळ 'वीरमरण'.

मार्टर, शहीद, हुतात्मा

हे तीन शब्द एकमेकांचे प्रतिशब्द म्हणून फिरतात, पण मुळं तपासली तर दोनच एका घरचे. ग्रीक 'मार्टिस' म्हणजे साक्षीदार. अरबी 'शहीद'चंही मूळ साक्ष देण्यात आहे. दोन्हींमध्ये भर श्रद्धेवर आहे: मरून साक्ष दिली. 'हुतात्मा' मात्र यज्ञातून आला, ज्याने स्वतःची आहुती दिली तो. हा शब्द सावरकरांनी घडवल्याचं मानलं जातं, आणि मुंबईतल्या फ्लोरा फाउंटनच्या चौकाला संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या मृतांमुळे तेच नाव मिळालं. 'हु' धातूचा मूळ अर्थ ओतणे. लॅटिन 'फुंदेरे', ओतणे, त्याचा दूरचा नातलग. त्यामुळे 'हुतात्मा' आणि धातूचा रस ओतणारी 'फाउंड्री' एका मुळाचे निघतात.

निवडताना: धर्मश्रद्धेसाठी छळ सोसून मेलेल्याला 'मार्टर' पक्का बसतो. स्वातंत्र्यलढ्यातल्या किंवा चळवळीतल्या मृतांना मराठीत 'हुतात्मा' ठेवा आणि इंग्रजीत 'मार्टर'. सैन्याबद्दल सरकारी कागद लिहीत असाल तर थांबा. सैन्यदलांत 'मार्टर' हा अधिकृत शब्द नाही, हे केंद्र सरकारने संसदेत स्पष्ट केलं आहे. तिथे 'किल्ड इन अॅक्शन'.

उरलेले चार, भरभर

'ऑफर' म्हणजे पुढे आणणे. चर्चच्या लॅटिनमधून तो जुन्या इंग्रजीत शिरला तेव्हा अर्थ होता देवापुढे ठेवणे. आता दिवाळी ऑफरमध्ये फ्रिज मिळतो. त्याच क्रियापदाच्या धातुसाधितावरून आलेला 'ऑब्लेशन' मात्र सोवळ्यातच राहिला. नैवेद्याला 'ऑफरिंग' पुरे, वैदिक आहुतीला 'ऑब्लेशन' शोभतो. नैवेद्याला 'सॅक्रिफाइस' नको. घास परत घरच्यांच्याच ताटात येतो.

'होलोकॉस्ट' हा शब्द ग्रीक, 'संपूर्ण जाळलेलं'. जनावराचा कणही न खाता सगळं अग्नीला द्यायचं तो होमबळी. आग ज्या शब्दात मुळापासून आहे तो हा, इमोलेट नव्हे. पण नाझींनी केलेल्या सुमारे ६० लाख ज्यूंच्या संहाराला हे नाव मिळाल्यापासून दुसऱ्या कशालाही तो वापरणं अशक्य झालं आहे. अनेक ज्यूंना तर तिथेही तो नको असतो. खुनाला देवाचं अर्पण कसं म्हणायचं? ते 'शोआ' म्हणतात, म्हणजे विनाश.

'डिव्होट' कुणी या यादीत धरत नाही, पण धरावा. इ. स. पू. ३४०च्या लढाईत रोमन सेनानी डेकियस मूसने स्वतःला आणि शत्रुसैन्याला पाताळातल्या देवांच्या हवाली करणारा मंत्र म्हटला आणि घोडा शत्रूच्या गर्दीत घातला. या विधीचं क्रियापद 'देवोवेरे'. आज माणूस बागकामालाही 'डिव्होटेड' असतो. मराठी प्रतिशब्द तयारच आहे, 'वाहून घेणे', आणि तोही देवाला फूल वाहण्यातूनच आलेला.

राहिला 'स्केपगोट', ज्याला आपण बिनदिक्कत 'बळीचा बकरा' करतो. बायबलच्या लेवीय पुस्तकात दोन बकरे आहेत. चिठ्ठ्या टाकून एक देवासाठी मारायचा. दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून लोकांची पापं त्याच्यावर घालायची आणि त्याला रानात सोडून द्यायचं. विल्यम टिंडेलने १५३०मध्ये 'स्केपगोट' घडवला तो या दुसऱ्यासाठी, निसटून जाणाऱ्या बकऱ्यासाठी. आपला बळीचा बकरा हा खरं तर पहिला. वाक्यात दोष माथी मारण्यावर भर असेल, कनिष्ठ कारकुनाला निलंबित करून वरचे सुटले वगैरे, तर दोन्ही चालतात. पण माणूस बदली होऊन दूर पाठवला गेला असेल तर 'स्केपगोट' अधिक नेमका, आणि नोकरीच गेली असेल तर मराठी शब्द.